सांबप्पाच्या ज्वारीवरचा आळ

वालूर, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १८६७

चि. महालिंग यास वालूरहून सांबप्पामामाचा आशीर्वाद.

पत्राला कारणं दोन. पहिलं तुझ्या आईचं. गंगम्मा मागल्या सोमवारी जिंतूरहून येऊन गेली. तब्येत ठणठणीत, आवाज तसाच. गल्लीच्या त्या टोकाला कळतं की सांबप्पाची बहीण आली. जेवताना विचारायला लागली, पोरगं हैदराबादेत बैलाला जपून हात लावतं ना. मी म्हणालो, लावतं. तू जनावरांच्या सरकारी दवाखान्यात बैलांना नव्हे, कोंबड्यांच्या नरड्यांना हात लावतोस, हे माझ्या तोंडून अजून गेलेलं नाही. पोरगा नंदीची सेवा करायलाय म्हणून ती दर सोमवारी एक दिवा जास्त लावते. तो विझवायला माझा हात होईना. आपल्या लिंगायताच्या घरात अंडं कुणी शिवत नाही, आणि तुझी ही नोकरी. ह्या नोकरीला मी मागं लय हसलो होतो. आज जरा कमी हसायलोय.

त्याचं कारण, आणि पत्राचंही दुसरं कारण, माझा एक स्नेही. त्याचं भुसाराचं दुकान आहे. दिवाळीनंतर त्यानं ज्वारीचं पेव उपसलं. जमिनीतल्या खड्ड्यातला माल तो. मधला दाणा मोत्यासारखा, पण कडेचा जरा काळवंडलेला, उबट वासाचा. चांगला माल माणसांना विकला, आणि चाळणीखालचं, फुटकं-काळं, नेहमीसारखं कोंबड्या पाळणाऱ्या बायांना. आता त्याच्या गावात कोंबड्या पटापट मरायल्यात आणि लोक म्हणायलेत की त्याच्या दाण्यानं मरायल्यात. कोंबड्यांपुरतं असतं तर त्यानं सोसलं असतं. पण ज्याच्या दाण्यानं कोंबडी मरते, त्याच्याकडून लेकरांच्या भाकरीची ज्वारी कोण नेईल?

तर एवढंच कळव, दाण्यानं कोंबडी मरते का? स्नेही बिचारा अर्ध्या भाकरीवर आलाय.

तुझा मामा,
सांबप्पा


हैदराबाद, १३ बहमन १३५५ फसली (मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी)

तीर्थरूप मामांस महालिंगचे शरणार्थ.

वालूरात भुसाराची दुकानं तीन. त्यातल्या दोघांशी तुमचं बोलणं नाही. तेव्हा हा स्नेही कोण, ते मी विचारत नाही. त्याला म्हणावं, पूर्ण भाकरी खा.

दाण्यानं कोंबडी मरते का? मरते, मामा. बुरशी फार असेल तर मरते. खोटं कशाला लिहू. पण सगळ्या कोंबड्या दाण्यानंच मरत नाहीत. सध्या आमच्याकडे एकाच रोगाचा अभ्यास चालू आहे. उत्तरेकडच्या एका डोंगरी गावात तो आधी ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. आपल्याकडच्या बाया मानमोडी म्हणतात, तो हाच असावा असं आमच्या डॉक्टरसाहेबांना वाटतं. तो श्वासावाटे शिरतो. त्याचं बीज इतकं बारीक असतं की सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही, आणि चिनी मातीच्या गाळणीतून पाणी गाळलं तर पाण्याबरोबर तेही पार होतं. साहेबलोक त्याला व्हायरस म्हणतात. हुबेहूब तसेच दिसणारे दुसरेही घशाचे रोग आहेत, त्यामुळे इथे बसून मी काही सांगणं म्हणजे ज्योतिष होईल.

म्हणून मदत करा. ओंजळीतला दाणा पाटीत सोडून नुसत्या आवाजावरून त्यातली ओल सांगणारे तुमचे कान. तेच आजारी कोंबडीच्या खुराड्याला लावा आणि तिच्या घशातून काय ऐकू येतं ते लिहा. मान कशी धरते, तेही. आणि कुठल्या गावात आधी सुरू झालं, मग कुठे, हे आठवेल तसं सांगा.

आमच्या खात्याचा शिपाई सेलूला चाललाय. त्याच्याबरोबर एक डबा पाठवतो. त्यात रुंद तोंडाची बाटली आहे, बाटलीत ग्लिसरिनचं गोडसर घट्ट पाणी. नुकत्याच मेलेल्या कोंबडीची श्वासनळी कापून त्यात बुडवायची, बूच घट्ट लावायचं आणि लगोलग इकडे पाठवायची. सोबत पेवाच्या कडेची ती काळी ज्वारीही. तुम्हाला हे सांगताना मला कसं वाटतंय हे तुम्ही ओळखालच.

आईला अजून काही सांगू नका. मीच कधीतरी सांगेन.

आपला,
महालिंग


वालूर, मार्गशीर्ष वद्य द्वितीया

चि. महालिंग यास आशीर्वाद.

स्नेही मीच. तुला कळलं होतंच, पण माझ्या हातानं लिहिलेलं बरं.

डोक्यावर पाटी घेऊन मी बाजार करायला लागलो तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. पाटीचा ओटा केला, ओट्याचं दुकान. इतक्या वर्षांत लोकांनी मला चिवट म्हटलं, चलाख म्हटलं, मागून काय काय म्हटलं तेही मला ऐकू येतंच. पण खोटा माल दिला असं कुणी म्हटलं नाही. परवा बाजाराच्या दिवशी कस्तुराबाई आली. ही मांगवाड्याच्या अलीकडं राहते, नवरा नाही, कोंबड्यांवर घर चालतं. तिनं दोन मेलेल्या कोंबड्या माझ्या ओट्यावर ठेवल्या. लिंगायताचा ओटा, वर वीरभद्राची तसबीर, आणि भरल्या बाजारात ती म्हणते, “अप्पा, तुमच्या दाण्यानं गेल्या. आता ह्या तुमच्याच.” आरडाओरडा केला असता तर मी उत्तर दिलं असतं. तिनं शांतपणे सांगितलं आणि ती गेली. तेव्हापासून गिऱ्हाईक ओट्याजवळ येतं, तसबिरीला हात जोडतं आणि पुढच्या दुकानी जातं.

आणि खरं सांगू का, मलाच खात्री नाही. कडेचा दाणा मी हुंगून विकला होता. वास होता, पण असा वास दरसाल असतो. रात्री पडलो की तो वास परत नाकात येतो.

आता तू विचारलंस ते. कस्तुराबाईची परवानगी काढून तिच्या खुराड्याला कान लावला. माझ्या आजोबांनी पाहिलं असतं तर दुसरा जन्म घेतला असता. आधी शिंक येते, माणसासारखीच, पण पातळ. मग चोच उघडी टाकून मान वर करते आणि घशात घरघर चालते. हुक्क्यातलं पाणी आटल्यावर झुरका ओढला तर जसा कोरडा-ओला आवाज होतो, तसा. काही कोंबड्यांची मान पिळा घातल्यासारखी पाठीवर जाते आणि त्या जागच्या जागी गरगरा फिरतात.

गावांचं म्हणशील तर आधी पिंपळगाव, नवरात्राच्या सुमारास. दिवाळी झाल्यावर टाकळी. मार्गशीर्ष लागला आणि आमचं वालूर. पिंपळगावला माझा माल फारसा जात नाही, पण हे ऐकून घ्यायला कुणाला फुरसत आहे?

श्वासनळी हमाल भुजंगनं कापली, मी पाठ करून उभा होतो. बाटली आणि ज्वारीचं गठुडं घेऊन तो उद्याच्या गाडीनं निघतोय.

आणखी लिहिलं असतं, पण डोकं ठिकाणावर नाही. मरीआईचा गाडा कार्तिकी अमावास्येला टाकळीहून आमच्या गावात आलाय, आणि मुंजाजी पोतराज रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढं हलगी बडवायलाय. माझे कान चांगले असल्याचा एवढाच तोटा. घरटी ओंजळभर ज्वारी देवीपुढं ओतायची, ती बाया माझ्याकडूनच नेत होत्या. आता तीही बंद.

सांबप्पा


हैदराबाद, १९ बहमन

ती. मामांस शरणार्थ. घाईत कार्ड लिहितोय.

भुजंग सुखरूप पोचला. परभणीला डब्यात एक गृहस्थ चढले आणि बाटलीत लोणचं आहे का म्हणून वारंवार विचारू लागले. भुजंगनं सांगितलं, हो, पण आजारी माणसासाठी आहे. तरी त्यांनी फोडीएवढं मागितलंच. शेवटी भुजंग गठुड्यावर बसून राहिला आणि काचीगुड्यापर्यंत उठला नाही.

काम सुरू केलंय. श्वासनळी वाटून, गाळणीतून गाळून, ते पाणी दोन निरोगी कोंबड्यांच्या नाकात थेंब-थेंब घातलं. दुसऱ्या इमारतीत दोन कोंबड्यांना फक्त तुमची काळी ज्वारी, बाकी काही नाही. वाट पाहायची.

मामा, हलगीवर चिडून तुम्ही शेवटी चार ओळी लिहिल्यात, त्या मी पुन्हा पुन्हा वाचतोय. नवरात्राआधी सर्वपित्री अमावास्या, मग दिवाळीची, मग कार्तिकी. अमावास्येला जोडून पुढचं गाव. पंचांग पाहून चालणारा रोग मी अजून पाहिलेला नाही. गाड्यावर जिवंत कोंबडी असते का? कुठल्या गावची? कशी निवडतात? सगळं लिहा.

महालिंग


वालूर, मार्गशीर्ष वद्य अष्टमी

चि. महालिंग यास आशीर्वाद.

मामा, कोंबडीचं विचारलं की तुम्ही देवीचं सांगता, असं तूच मला लहानपणी म्हणायचास. आता तू देवीचं विचारायलास. सांगतो.

गावावर साथ आली की मरीआईचा लाकडी गाडा निघतो. त्यावर देवीचा मुखवटा, हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, आणि पायाला दोरी बांधलेली जिवंत कोंबडी. अमावास्येला हलगी वाजवत गाडा शिवेवर नेऊन सोडायचा, मागं वळून बघायचं नाही. पुढच्या गावानं तो तसाच ठेवला तर कोप होतो, म्हणून ते आपल्या गावात आणतात, लिंबाखाली ठेवतात, महिनाभर पूजतात आणि पुढच्या अमावास्येला आपल्या शिवेपार करतात. पहिल्या गावची कोंबडी लिंबाखाली सोडून देतात. ती देवीची कोंबडी. तिला कुणी हाकलत नाही, मारत नाही, ती गावभर हिंडते. तिच्यापुढं घरटी ओंजळभर ज्वारी पडते आणि ती सगळी एकटीला थोडीच खाववते? गावातल्या कोंबड्या तिथंच तुटून पडतात. लोक म्हणायलेत तेही हेच, देवीपुढचा दाणा ज्यांनी टिपला त्या आधी गेल्या. देवीच्या प्रसादाला नाव ठेवता येत नाही, मग ठेवा दुकानदाराला.

निवड कशी करतात, तेही ऐक. गाड्यावर साधी कोंबडी घालत नाहीत. जिच्यात देवी आली ती घालतात. म्हणजे जी थरथरते, मान पिळून आभाळाकडं बघते, गरगर फिरते, नरड्यातून घुमल्यासारखा आवाज काढते

इथं माझा हात थांबला, महालिंगा. वरची ओळ मी अर्धीच ठेवतोय. पाणी पिऊन आलो.

टाकळीची सगळ्यांत आजारी कोंबडी आम्ही हलगी लावून गावात आणली. हिरवा खण लावून. आणि तिच्यापुढं माझी ज्वारी ओतून गावच्या कोंबड्यांना पंगतीला बसवलं. तू हेच विचारायला लागलास ना?

पण हे मी गावात कुठल्या तोंडानं सांगू? लोक म्हणतील, सांबप्पाच्या गळ्यात लिंग, ह्यानं मरीआईला कधी हात जोडले? आपला माल वाचवायला देवीवर आळ घ्यायलाय. आणि खरं तर माझं मन अजून मला विचारतं, दाणाच खोटा असला तर? तुझ्या दुसऱ्या इमारतीतल्या कोंबड्या जिवंत आहेत की नाहीत ते आधी कळव. ह्या अमावास्येला गाडा देवगावला जायचाय. कस्तुराबाईच्या खुराड्यात एक कोंबडी उरली होती, तिच्यातही कालपासून देवी आली आहे. मुंजाजीनं तिलाच गाड्यासाठी राखून ठेवलंय.

सेलू स्टेशनवर भुजंगला रोज बसवतो. गार्डाच्या हाती चिठ्ठी दे.

सांबप्पा


हैदराबाद, २६ बहमन

ती. मामांस शरणार्थ.

तुमची ज्वारी निर्दोष आहे. हे वाक्य आधी लिहिलं, आता श्वास घ्या.

काळी ज्वारी खाणाऱ्या दोन्ही कोंबड्या धडधाकट आहेत, त्यातली एक तर भांडखोर झालीय. गाळलेलं पाणी दिलेल्या दोन्ही आजारी पडल्या. सकाळी पिंजऱ्याजवळ गेलो तर तुम्ही लिहिलेला आवाज ऐकू आला, हुक्क्याचा. मी डॉक्टरसाहेबांना तुमचं वाक्य उर्दूत करून सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि नोंदीत तसंच घालायला सांगितलं. गाळणीतून रोग पार झाला, म्हणजे बुरशी नाही; ज्वारीवाल्या ठणठणीत, म्हणजे दाण्यात विष नाही. मानमोडी ती हीच.

इलाज नाही, मामा. उत्तरेत लस बनते आहे असं ऐकतो, आमच्या हाती अजून आलेली नाही. आहे ते एवढंच, आजाऱ्याला निरोग्यापाशी जाऊ न देणं. गाड्यावरची कोंबडी देवगावात गेली नाही पाहिजे. तिला जाळा किंवा चुना घालून खोल पुरा. माझा अंदाज आहे की हवेइतकाच तो उष्ट्या दाण्यातूनही पसरतो. त्याचीही परीक्षा लावली आहे. पण हे लोकांना कसं पटवायचं हे इथल्या एकाही पुस्तकात नाही. ते काम तुमचं.

महालिंग


वालूर, पौष शुद्ध चतुर्थी

चि. महालिंग यास आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी अमावास्येच्या सकाळी पोचली. दोन चिमटी तंबाखू जास्त खाल्ली आणि मुंजाजीकडं गेलो.

तुझा कागद मी खिशातून काढलाच नाही. हैदराबादचं नाव काढलं असतं तर तो म्हणाला असता, सरकारचं काही निघालंय. मी लिंबाखाली त्याच्या शेजारी बसलो. गाड्यापाशी ती कोंबडी बांधलेली, घरघर चाललेली. मी हलगीची वादी नवी दिसते वगैरे विचारलं. मग म्हणालो, तुझ्या घरच्या कोंबड्या कशा आहेत. त्यानं बोटानं जमीन दाखवली. सगळ्या गेल्या होत्या, महालिंगा. गावाची साथ घालवायला निघालेल्या माणसाच्या घरात एक पीस उरलेलं नव्हतं, आणि त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पोतराजाच्याच कोंबड्या मेल्या तर देवीवर विश्वास कोण ठेवील. त्याची गत माझ्यासारखीच की.

मी म्हणालो, “मुंजाजी, मला देवीचं कळत न्हाई, मला मालाचं कळतंय. उष्टा दाणा मी गिऱ्हाइकापुढं ठेवत न्हाई. ह्या कोंबडीनं टिपून टाकलेला दाणा आपण गावच्या कोंबड्यांना खाऊ घातला. तिच्या नरड्यात काय चाललंय ते ऐक.”

तो म्हणाला, “अप्पा, ते वारं हाय देवीचं.”

“आसंल. मग तुझ्या घरच्या मेल्या त्याच्या आधी त्यांच्या नरड्यात काय होतं?”

त्यानं हलगी बाजूला ठेवून कोंबडीकडं कान केला. कोंबडीचाच आवाज तेवढा. मग त्यानं जे सांगितलं ते मला सुचलं नसतं, तुलाही नाही. म्हणाला, “जिच्यात देवी आली ती परक्या गावाला द्यायची कशाला? आपल्या घरात देवी आली तर आपण तिला दुसऱ्याच्या दारात सोडतो का? हिची बोळवण आपल्याच शिवेवर करू. गाडा जाऊ द्या देवगावला, कोंबडीच्या जागी नारळावर जाऊ द्या. आमच्या आज्याच्या वख्ताला पटकीच्या साथीत नारळच ठेवला होता, असं म्हातारे सांगतेत.” म्हातारे खरंच सांगतात का ते मी विचारलं नाही.

आता दुसरं. देवगावात देवीपुढं ओतायला ज्वारी लागणार. मी म्हणालो, ज्वारी माझी, त्याच पेवाची, त्याच कडेची. पोतं मी चावडीपुढं सगळ्यांदेखत उघडलं. कस्तुराबाई उभी होती. ती म्हणाली, “आता देवगावच्याही मारा.” मी म्हणालो, “मेल्या तर दुकानाला कुलूप घालून किल्ली तुझ्या हातात देतो.” बोलून गेलो आणि घरी येऊन अर्धी भाकरीसुद्धा गेली नाही.

शिवेवर दुपार कलल्यावर बोळवण झाली. चुन्याचं पोतं मी दिलं होतं. मी तोंड फिरवून उभा होतो, पण कान कुठं फिरवायचे? मुंजाजीनं खड्डा खोल घेतला, चुना सढळ घातला, वर धोंडा ठेवला. मग हलगी वाजवत नारळ घेऊन गाडा पुढं गेला. देवगावकरांनी कोंबडी कुठं म्हणून विचारलं तर मुंजाजी म्हणाला, देवी आमच्याकडंच राहिली. त्यांना हेवाच वाटला असावा.

तुझी आई परवा आली तेव्हा भुजंगनं तिला लोणच्याची गोष्ट, बाटलीत खरं काय होतं त्यासकट, रंगवून सांगितली. माझ्या डोळ्यांच्या खुणा त्या गाढवाला दिसल्या नाहीत. गंगम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग मला विचारलं, “लिंगपूजेआधी आंघोळ करतो का तो?” मी म्हणालो, विचारून सांगतो. तेवढंच. भिऊ नकोस.

देवगावचं अजून काही कळलेलं नाही. दुकानात बसलो की रस्त्यावरचं प्रत्येक पाऊल ऐकतो.

सांबप्पा


हैदराबाद, ७ इसफंदार (पौष शुद्ध)

ती. मामांस शरणार्थ.

पत्र वाचून आधी हसलो आणि मग घाबरलो. त्याच पेवाची ज्वारी देवगावात दिलीत! दाणा निर्दोष आहे, पण टाकळीहून कुणी लेकीला कोंबडी भेट म्हणून नेली, बाजारात कुणी आजारी कोंबडी आणली, तर रोग पोचेल आणि नाव पुन्हा तुमचं होईल. हे मी आधीच लिहायला हवं होतं. सुचलं नाही. इथे दारं लावलेल्या खोल्यांत काम करून मला वाटायला लागलं होतं की गावालाही दारं असतात.

उष्ट्याची परीक्षा झाली. आजारी कोंबडीपुढचे उरलेले दाणे, हैदराबादच्या बाजारातले, निरोगी कोंबडीला दिले. ती आजारी पडली. तुम्ही मुंजाजीला सांगितलंत ते बरोबर होतं, पण तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता.

मेलेल्या कोंबड्यांची खुराडी उन्हात टाका, चुन्यानं सारवा, पुढची अमावास्या जाईपर्यंत त्यांत कोंबडी नको. कस्तुराबाईलाही सांगा. त्या तुमचं ऐकणार नाहीत, मुंजाजीकडून सांगवा.

आईला सांगा, आंघोळ दोनदा करतो. कामावरून आल्यावर एकदा, पूजेआधी पुन्हा. ह्या थंडीतसुद्धा. तिला कळलं ते बरं झालं, आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

देवगावचं कळताच लिहा. मीही इथे पावलं ऐकतोय.

महालिंग


वालूर, माघ शुद्ध तृतीया

चि. महालिंग यास आशीर्वाद.

मुद्दाम उशीर केला. अमावास्या जाऊ दिली, बाजार जाऊ दिला, मग लेखणी उचलली. अर्धवट बातमीवर सुटकेचा श्वास टाकायचा नाही, हे मी भावाच्या चढउतारात शिकलोय.

देवगावच्या कोंबड्या जिवंत आहेत. मी स्वतः जाऊन आलो. उधारी मागायच्या निमित्तानं गेलो, म्हणजे कुणाला शंका नको. लिंबाखाली माझी काळी ज्वारी पडलेली आणि तिच्यावर गावभरच्या कोंबड्या. मी वळचणीला उभा राहून ऐकत होतो. शिंक नाही, घरघर नाही, नुसतं टकटक टकटक. आयुष्यात मी पुष्कळ भजनं ऐकली, त्या दिवशीसारखं मन लागलं नाही. एक म्हातारी म्हणाली, अप्पा, काय बघायलात? मी म्हणालो, माझा माल बघायलोय.

गाडा तिथूनही नारळावरच पुढं गेला. मुंजाजी आता सांगत फिरतो की ही रीत त्याच्या आज्यापासून चालत आलेली आहे. फिरू दे. तुझ्या खात्याचं नाव त्यात कुठं नाही, माझंही नाही, आणि त्यामुळेच ती टिकंल.

काल कस्तुराबाई आली. खुराडं तिनं सारवलंय, देवगावहून चार पिल्लं आणलीत, झाकणाच्या टोपलीतून चिवचिव ऐकू येत होती. ओट्याजवळ येऊन उभी राहिली. टोपली खाली ठेवली. मग चाळणीखालच्या पाटीत हात घालून तिनं दाणे वर घेतले, फुंकले आणि म्हणाली, “लय खडे हायत, अप्पा. मागल्या साली एवढे नव्हते.”

मी म्हणालो, “खडे कोंबडीला लागतेतच. पचायला.”

“मग खड्याचे पैसे कशाला घ्यायलात?”

आम्ही चांगलं अर्धा तास भांडलो. मी एक मूठ वर घातली, तिनं दुसरी आपल्या हातानं घेतली. जाताना मेलेल्या कोंबड्यांचा विषय तिनं काढला नाही. माफी मागायची तिची रीत नाही आणि ऐकायची माझी. पण ती गेल्यावर शेजारच्या दुकानापुढचं एक गिऱ्हाईक हळूच इकडं सरकलेलं मी न बघताच ओळखलं.

गंगम्मानं तुला निरोप दिलाय. थंडीत दोनदा डोक्यावरून पाणी घेऊ नकोस, संध्याकाळी नुसते हातपाय धुतलेस तरी चालेल असं आपल्या जंगमस्वामींना विचारून आली आहे. आणि तो जास्तीचा दिवा सोमवारी लावते तसाच लावते. कशासाठी म्हणून मी विचारलं नाही.

आता पुरे करतो. ओट्यावर तिघंजण उभे आहेत आणि तिघंही माझा माल वाईट आहे म्हणून भाव पाडायलेत.

तुझा मामा,
सांबप्पा